मधली पट्टी

मोठ्या डॉक्टरांना उठवायला ऑपरेशन थिएटरची सिस्टर सरावाच्या खोलीत गेली, तर डॉक्टरांच्या खुर्चीत बाहुली बसलेली होती.

नर्सिंगच्या मुली जिच्यावर सुया टोचायला शिकतात ती, माणसाएवढी रबरी बाहुली. तिच्या नाकावर डॉक्टरांचा चष्मा होता आणि अंगात त्यांचा पांढरा कोट. बाहुलीच्या खाटेवर खुद्द डॉक्टर आडवे झाले होते आणि चक्क घोरत होते. शर्ट छातीपर्यंत सरकवलेला. ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना एकेक चीर, बोटभर लांब आणि नीट शिवलेली.

सिस्टरने आजवर किती पोटं उघडलेली पाहिली असतील याला गणती नाही. तरी ती किंचाळलीच.

त्या आवाजाने डॉक्टर जागे झाले. हात आपसूक पोटाकडे गेला, बोटांना टाके लागले, आणि मग हॉस्पिटलचा मालक, नर्सिंग शाळेचा संस्थापक असा तो भारदस्त माणूस लहान पोरासारखा ओरडला, "काय काढलं? माझं काय काढलं?"

दुपारभर त्यांच्या तोंडी हाच प्रश्न होता. दोनदा तपासण्या झाल्या. सगळं जागच्या जागी होतं. कोणीतरी कॉफीत गुंगीचं औषध घातलं होतं, कातडी बधिर करून वरवर कापली होती आणि शिवून टाकली होती. आतल्या कशालाही हात लागला नव्हता. पण डॉक्टरांचा विश्वास बसेना. ते तिसऱ्यांदा तपासणी करायला सांगत होते, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून बऱ्याच नर्सेसना आतून बरं वाटत होतं.

इन्स्पेक्टर मॅडम आल्या तेव्हा डॉक्टर आपल्याच हॉस्पिटलच्या सगळ्यात चांगल्या खोलीत उशांना टेकून बसले होते. पोलीस खात्यात या बाईंना 'गोचीड' म्हणत. चिकटली की सुटत नाही म्हणून. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

"कॉफी कोणी दिली?" मॅडमनी विचारलं.

"घरून येते. फ्लास्क माझ्या टेबलावर असतो. जेवण झालं की कॉफी घेऊन मी त्या खोलीत जरा पडतो. तिथे शांत असतं. सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे."

"कोणावर संशय?"

"संशय कसला, खात्री आहे. माझा असिस्टंट डॉक्टर. परवा त्याला मी थिएटरमधून हाकलला, सगळ्यांसमोर. आणि हे टाके बघा. असा हात इथे माझ्याखालोखाल त्याचाच आहे. संध्याकाळी नव्या महिला वॉर्डाचं उद्घाटन आहे. त्याआधी त्याला बेड्या ठोका. पुन्हा कुठे डॉक्टरकी करणार नाही याची व्यवस्था मी करतो."

"खाटेसमोरच्या फळ्यावर एक शब्द लावला होता. तो काय आहे?"

डॉक्टरांनी पांघरूण नीट केलं. "नर्सिंगचे वर्ग भरतात तिथे. लावला असेल कुणी पोरीने."

"अर्थ काय त्याचा?"

"तुम्हाला नाही कळायचा."

"सोप्या भाषेत सांगा, कळेल."

"बायकांचं एक ऑपरेशन असतं. माझा काय संबंध? तुम्ही त्या असिस्टंटला पकडा."

मॅडमनी मान हलवली. ज्या माणसाला आपलं काय कापलंय हे कळत नव्हतं म्हणून जीव जायची वेळ आली होती, त्याला डोळ्यांसमोरच्या शब्दाबद्दल जराही उत्सुकता नव्हती. हे त्यांना मुळीच पटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात त्यांचा हवालदार एका बाईंशी गप्पा मारत उभा होता. बाईंच्या हातात दुधाचा थर्मास होता.

"माझी मुलगी आहे ना सात नंबरच्या खोलीत," बाई सांगत होत्या. "एवढीशी पोर, अजून लग्न व्हायचंय. पोटात दुखायचं हो सारखं. परवा मोठ्या डॉक्टरांनी स्वतः केलं ऑपरेशन. साधंसुधं नाही. बायलॅटरल ऊफोरेक्टॉमी! पाठच करून ठेवलंय मी. बहिणीला फोनवर सांगितलं तर तिला म्हणताही येईना."

"म्हणजे नेमकं काय केलं?" हवालदाराने विचारलं.

"ते आपल्याला काय कळतंय? बरं होईल म्हणाले. मी बरं म्हटलं."

मॅडम तिथेच थबकल्या. मग सरळ सरावाच्या खोलीकडे निघाल्या.

फळ्यावर जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या टाचल्या होत्या. 'बायलॅटरल', 'ऊफोर', 'एक्टॉमी'. तिन्हींवर ब्रशने काढलेली एकाच हातची ठसठशीत अक्षरं. कडा पिवळ्या पडलेल्या. पट्टीची कड शेजारच्या पट्टीवर चढवायची आणि जोडावर एक टाचणी खुपसायची, अशी पद्धत दिसत होती. मॅडमनी नाक फळ्याला लागेपर्यंत वाकून पाहिलं. मधल्या पट्टीच्या दोन्ही कडा वर होत्या. शेजारच्या दोन्ही पट्ट्या तिच्याखाली गेल्या होत्या.

"म्हणजे मधली शेवटी लावली," त्या म्हणाल्या.

"कोणीही कशीही लावेल, मॅडम," हवालदार म्हणाला.

"लाव बघू तू."

पट्ट्यांच्या पेटीतून त्याने हाताला येतील त्या तीन घेतल्या आणि डावीकडून उजवीकडे लावत गेला. पहिली खाली, दुसरी तिच्यावर, तिसरी दुसरीवर. लावून झाल्यावर त्यालाच ते दिसलं.

टाचण्या काढून मॅडमनी पट्ट्या खिडकीशी उजेडात धरल्या. 'बायलॅटरल' आणि 'एक्टॉमी' यांच्या कडांची टाचण्यांनी चाळण झाली होती. 'ऊफोर'ची पट्टी तितकीच जुनी, तितकीच पिवळी होती. पण तिला फक्त आजची दोन भोकं होती.

त्यांनी ती पट्टी वेगळी काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

असिस्टंट डॉक्टर कॅन्टीनच्या मागे उभा होता. तरुण होता, आणि चेहरा पार उतरलेला.

"परवा तुम्हाला थिएटरमधून का काढलं?"

"मी एक प्रश्न विचारला."

"कोणता?"

"थिएटरमधलं बाहेर बोलायचं नसतं, मॅडम."

"तुम्हाला आज संध्याकाळी आत टाकायचं म्हणतायत ते. आणि नंतर तुमची डॉक्टरकी बंद करायची."

"करतील ते. पण मी नाही केलं हे. मला त्यांच्या पोटावर टाके घालायचे असते तर समोरासमोर घातले असते, आणि तेही बधिर न करता."

मॅडमना हा पोरगा आवडला. त्यांनी त्याला खोलीत नेऊन पट्ट्यांचा एक शब्द लावायला सांगितला. त्यानेही हवालदारासारखाच लावला, डावीकडून उजवीकडे.

"या वर्गात कधी बसला होतात?"

"नाही. आम्ही हे शब्द पाठ करून डॉक्टर झालो. इथल्या फोडाफोडी बाई मुलींना तोडून शिकवतात. आमच्यापेक्षा बरं शिकवतात म्हणे."

फोडाफोडी बाई हे मुलींनी ठेवलेलं नाव. या बाई नर्सिंग शाळेत वैद्यकीय शब्द शिकवत. केस पिकलेले, आवाज खणखणीत, पांढरी साडी कडक इस्त्रीची. मॅडम वर्गात शिरल्या तेव्हा त्यांचा तास चालू होता.

"बसा, मॅडम. चौकशी तासानंतर. चालेल ना?" बाई म्हणाल्या, आणि मॅडम खरोखरच मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

"हं, कोण येतंय? हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज," बाईंनी मुलींना विचारलं.

एक मुलगी पुढे आली. पेटीतून तिने आधी 'आयटिस' उचलली आणि फळ्याच्या उजव्या टोकाला टाचली. मग डावीकडे 'पेरि'. आणि सगळ्यात शेवटी 'कार्ड' घेऊन दोन्हींच्या मध्ये, दोन्हींवर कडा चढवून दाबून बसवली.

"आधी शेपटी का?" बाईंनी विचारलं.

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "काय झालंय ते शेपटी सांगते!"

"मग?"

"मग डोकं. कुठे, किती, कोणत्या बाजूला!"

"आणि मग पोट. कोणाला झालंय ते. आयटिस म्हणजे सूज, पेरि म्हणजे भोवती, कार्ड म्हणजे हृदय. पेरिकार्डायटिस." बाई फळ्यापासून वळल्या. "आणि हे पेशंटच्या नातेवाइकांना कसं सांगायचं?"

"सोप्या भाषेत!"

"नुसता शब्द तोंडावर फेकून निघून यायचं नाही. जी तसं करेल तिला मी नापास करीन, मग ती कोणाची का मुलगी असेना."

बोलता बोलता बाई उरलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा दोऱ्याने बांधत होत्या. नजर मुलींवर, गठ्ठा डाव्या हातात, आणि उजव्या हाताची दोन बोटं दोरा फिरवत होती. पट्‌कन गाठ बसली. मॅडम त्या बोटांकडे पाहत राहिल्या.

तासानंतर मॅडमनी विचारलं, "बाई, पट्ट्या कोणी बनवल्या?"

"मीच. इथे आले त्या वर्षी. सगळ्या एकदम."

"'ऊफोर'सुद्धा?"

"असेल की. पेटीतलीच असेल."

"अर्थ काय त्याचा?"

"अंडं वाहणारं. म्हणजे अंडाशय. एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं. बाय म्हणजे दोन, लॅटरल म्हणजे बाजूचं. दोन्ही बाजूंची अंडाशयं काढली. ती बाई त्यानंतर कधीच आई होऊ शकत नाही."

एवढा सरळ अर्थ दुपारभरात पहिल्यांदाच कोणी सांगितला होता. मॅडमनी आभार मानले आणि बाहेर येऊन मुलींना गाठलं.

"'ऊफोर' कसं लावायचं गं?"

मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. "तो भाग बाई घेतच नाहीत, मॅडम. तेवढं तुमचं तुम्ही वाचा म्हणतात. आधीच्या बॅचलाही नाही घेतला."

"पण पट्टी आहे ना पेटीत?"

"छे! पेटी आम्हीच लावतो रोज. अशी पट्टी नाहीच त्यात."

थिएटर सिस्टर शेवटी राहिली होती. ती याच शाळेतून शिकलेली. तिने शब्द लावला तोही शेपटी, डोकं, पोट असाच, आणि आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. हवालदार मॅडमच्या कानाशी लागला, "हीच! शब्द हिला येतो, टाके हिला येतात."

"ही पट्टी कधी पाहिलीत?" मॅडमनी सिस्टरला पर्समधली पट्टी दाखवली.

"आज फळ्यावर पहिल्यांदा. आम्ही शिकलो तेव्हाही नव्हती."

"परवा असिस्टंट डॉक्टरांनी काय विचारलं होतं, सिस्टर?"

सिस्टरचे डोळे भरून आले. तिने मागे वळून दार लावून घेतलं, आणि मग बोलली. ती काय बोलली ते हवालदाराने लिहून घेतलं. लिहिताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

संध्याकाळ होत आली. खाली मांडवात खुर्च्या लागत होत्या. डॉक्टरांच्या खोलीत मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. असिस्टंट, सिस्टर, फोडाफोडी बाई आणि दाराशी हवालदार. डॉक्टर कोट घालून तयार होते, फक्त उभं राहताना टाके ओढत होते.

"याला घेऊन जा आणि विषय संपवा," ते असिस्टंटकडे बोट करून म्हणाले.

"संपवतेच," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर, ज्याने तुम्हाला कापलं त्याने तुमच्यासाठी एक शब्द लावून ठेवला. तुम्ही जागे झालात की तो समोर दिसावा म्हणून. हा शब्द लावणाऱ्याने आधी शेपटी लावली, मग डोकं, मग पोट. मधली पट्टी दोन्हींच्या वर होती. तुमचा असिस्टंट डावीकडून लावतो, माझा हवालदारही तसाच. शेपटीपासून लावतं ते फक्त या बाईंच्या वर्गातलं माणूस. हाताला वळण लागलं की ते राग आला म्हणून सुटत नाही."

"मग ही सिस्टर!" डॉक्टर म्हणाले.

"मलाही क्षणभर वाटलं. पण ही पट्टी बघा. बाकीच्यांसोबत एकाच वेळी बनलेली, तितकीच जुनी. इतरांना शेकडो भोकं, हिला दोन. म्हणजे बनवली आणि कधीच लावली नाही. पेटीत ती नव्हती. एकाही बॅचने पाहिली नाही. इतकी वर्षं ती कोणाकडे असेल? जिने बनवली तिच्याकडेच. आणि तिने मला सांगितलं, पेटीतलीच असेल."

मॅडमनी पट्टी टेबलावर ठेवली.

"तासाला बाईंनी पट्ट्यांचा गठ्ठा बांधताना एका हाताने गाठ मारली, तशी मुली वर्गात शिकत नाहीत. ती थिएटरमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून येते. डॉक्टरांच्या पोटावर तीच गाठ आहे. बाई, इथे येण्याआधी तुम्ही कुठे होतात?"

फोडाफोडी बाई मुळीच डगमगल्या नाहीत. "दुसऱ्या गावी. थिएटरमध्येच. या मुलाला तुम्ही नेलं असतं तर मी स्वतः आले असते, मॅडम. तेवढी नीच नाही मी."

"तुम्ही?" डॉक्टर ओरडले. "मी तुम्हाला नोकरी दिली! काय वाकडं केलं तुमचं?"

बाई त्यांच्या खाटेजवळ गेल्या.

"अजून ओळखलं नाहीत ना? रोज समोरून जातेय मी तुमच्या. वीस वर्षांची होते. पोटात दुखायचं. तुम्ही ऑपरेशन केलंत आणि माझ्या आईच्या तोंडावर एक शब्द फेकून निघून गेलात. आईने तो पाठ केला. आळीत ज्याला त्याला सांगायची, माझ्या मुलीचं बायलॅटरल ऊफोरेक्टॉमी झालं म्हणून. कौतुकाने सांगायची! माझ्या लग्नातसुद्धा सांगितलं. कोणाला कळलं नाही. पाळी थांबली होती, ती अशक्तपणामुळे असेल म्हणाले. मग मूल होईना. सासूने माझ्या हातचं पाणी बंद केलं. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. मी नर्सिंगला गेले, आणि एक दिवस वर्गात मास्तरीणबाईंनी एक्टॉमीचा अर्थ सांगितला. शेपटी कळली. मग डोकं. मग पोट. भर वर्गात बाकावर बसून मला कळलं की माझ्यातून काय काढलंय. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही."

"मग इतकी वर्षं थांबलात कशाला?" मॅडमनी विचारलं.

"सूड घ्यायला आले आणि शिकवत बसले. वाटलं, मुलींना सोपं बोलायला शिकवते, हाच याचा सूड. ती पट्टी मात्र फळ्यावर लावायला हात होईना. परवा व्हरांड्यात सात नंबरची आई भेटली. माझ्या आईसारखीच हसत होती. तोच शब्द, तसाच पाठ केलेला." बाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी याच्याकडे गेले. म्हटलं, त्या माउलीला अर्थ तरी सांगा. तर म्हणाला, बाई, तुम्ही शब्द शिकवा, पेशंट मी बघतो. मग म्हटलं, आता याचंही पोट शिवू दे. उठल्यावर विचारू दे, माझं काय काढलं म्हणून. मी समोर बसून याच्याकडून तो शब्द वाचून घेणार होते, अर्थासकट. सिस्टर लवकर आली."

"ही वेडी आहे!" डॉक्टर म्हणाले. "परवाच्या केसमध्ये सिस्टिक पॅथॉलॉजी होती, प्रोफायलॅक्टिक..."

"सोप्या भाषेत," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर कोटाची बटणं लावू लागले.

असिस्टंट पुढे झाला. "एका अंडाशयात गाठ होती, मॅडम. दुसरं अगदी चांगलं होतं. मी विचारलं, हे का काढताय? सर म्हणाले, पुन्हा पोट उघडायची कटकट कोण करणार. आणि मला बाहेर हाकललं."

"मी तिथेच होते," सिस्टर म्हणाली. "लिहून दिलंय मी."

मॅडमनी हवालदाराला खूण केली. त्याने दार उघडलं. बाहेर सात नंबरच्या खोलीतली आई उभी होती, हातात तोच थर्मास. तिने किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती आत आली आणि खाटेच्या पायथ्याशी थांबली.

"डॉक्टर, माझ्या पोरीचं काय काढलंत?"

दुपारभर जो प्रश्न डॉक्टर स्वतः विचारत होते, तोच. त्यांना उत्तर मिळालं होतं. तिला अजून मिळायचं होतं.

डॉक्टरांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. खाली मांडवात कोणीतरी माइक तपासत होतं. त्यांचे ओठ हलले, पण एकही मोठा शब्द सापडेना. हात नकळत टाक्यांवर गेला.

"दोन्ही अंडाशयं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तिला मूल होणार नाही."

"मला विचारलं होतंत?"

"नाही."

थर्मास खाली पडला आणि दूध फरशीभर पसरलं. ते पुसायला कोणी वाकलं नाही.

"हवालदार, लिहिलं ना?" मॅडमनी विचारलं.

"शब्द न् शब्द, मॅडम."

"मग डॉक्टरांच्या खोलीवर पहारा ठेवा. खाली निरोप द्या, उद्घाटन होणार नाही."

फोडाफोडी बाईंनी पदर खोचला, त्या आईला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मॅडमनी त्यांना हवा तेवढा वेळ दिला. मग बाई उठल्या, डॉक्टरांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि हवालदारासमोर दोन्ही मनगटं पुढे केली.

"चला," त्या म्हणाल्या. "माझं काम झालं. उद्या मुलींचा तास कोणीतरी घ्या. 'ऊफोर'पासून सुरू करा म्हणावं."